टोपीवाल्यांच्या पावसात गोवळकोंडा कुठून आला?

बेल्जियमच्या रने माग्रीत या चित्रकाराचं १९५३ सालचं एक चित्र आहे. लाल छपरांची साधी घरं, मागे फिकट निळं आकाश, आणि त्या आकाशात माणसंच माणसं. डझनावारी. सगळ्यांच्या अंगात गडद ओव्हरकोट, डोक्यावर गोल काळी टोपी. पावसाचे थेंब मधेच थांबावेत तशी ती हवेत उभी आहेत. चित्राचं नाव ‘गोलकोंद’. म्हणजे आपला हैदराबादजवळचा गोवळकोंडा.

नाव वाचलं की मराठी डोकं लगेच धावू लागतं. कुतुबशाही, हिऱ्यांचा बाजार, शिवाजी महाराज आणि कुतुबशहाची १६७७ची भेट. मग या टोपीवाल्यांचा त्याच्याशी काय संबंध? चित्रात ना किल्ला, ना हिरा, ना हैदराबाद.

हे नाव माग्रीतला त्याच्या कवीमित्रानं, लुई स्कुतनेरनं सुचवलं. माग्रीतची ती नेहमीची रीत होती. चित्र आधी व्हायचं, मग मित्रमंडळी जमून त्याचं बारसं करायची, आणि चित्राचं स्पष्टीकरण ठरेल असं नाव तर त्याला मुळीच नको असायचं. युरोपात गोवळकोंडा हा शब्द अमाप, अद्भुत संपत्तीसाठी वापरला जाई, एवढा एक धागा सापडतो. पण तो धरून कितीही ओढलं तरी हातात ‘अर्थ’ येत नाही.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ‘हे आपल्या डोक्यावरून जातं’ म्हणून पुढे सरकतात, नाही तर ‘मॉडर्न आर्ट आहे, ज्याला जे वाटेल तो अर्थ’ म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही पळवाटा वाटतात. विचित्र चित्रापुढे उभं राहिलं की ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा आणि आधी हे बघावं की इथे कुलूप आहे का. असलं, तर त्याची किल्ली कुणाकडे आहे. सगळ्या विचित्र चित्रांची विचित्रता एका जातीची नसते, आणि गोंधळ होतो तो बहुतेक वेळा त्यामुळेच.

खरं तर आपल्याला विचित्र प्रतिमांचं वावडं असायचं काही कारण नाही. ‘मुंगी उडाली आकाशी, तिणें गिळिलें सूर्याशी’ हे मुक्ताबाईनं तेराव्या शतकात म्हणून ठेवलं. त्याच अभंगात पुढे वांझेला मुलगा होतो आणि माशी विते ती घार होते. ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना’ हेही आपण लहानपणापासून ऐकतो. ते ऐकताना कुणी म्हणत नाही की हे मॉडर्न आहे, कळत नाही. कारण समोर कीर्तनकार असतो. तो मुंगी म्हणजे काय, सूर्य म्हणजे काय ते उलगडून सांगतो, श्रोते माना डोलावतात. कूट आहे म्हणजे त्याचा उलगडा असणार, ही सवय आपल्या कानाला पिढ्यान्‌पिढ्या लागलेली आहे. सवय चांगलीच आहे. फक्त ती घेऊन माग्रीतकडे गेलं की पंचाईत होते. तिथे कीर्तनकारच नाही.

ती सवय जिथे शंभर टक्के चालते असं एक चित्र बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत आहे. पीटर ब्रॉयगल थोरला, १५५९. पहिल्यांदा बघितलं तर वाटतं की अख्ख्या गावाला एकाच दिवशी वेड लागलंय. एक जण विटांच्या भिंतीवर डोकं आपटतोय. एक जण डुकरांपुढे फुलं टाकतोय. एका घराच्या छपरावर कौलांच्या जागी गोड पोळ्यांसारखं काहीतरी रचलंय. लाल कपड्यातली एक बाई नवऱ्याच्या अंगावर निळा झगा चढवतेय. एक जण टोपलीत भरून उजेड बाहेर नेतोय. आणि एक माणूस खड्डा बुजवतोय, ज्यात वासरू केव्हाच बुडून मेलंय.

हे स्वप्न नाही, भ्रम नाही. या सगळ्या म्हणी आहेत. त्या एका चित्रात शंभराहून अधिक डच म्हणी आणि वाक्प्रचार शब्दशः रंगवलेले आहेत. नवऱ्याला निळा झगा घालणं म्हणजे त्याला फसवणं, त्याच्या पाठीमागे दुसऱ्याशी संबंध ठेवणं. पोळ्यांचं छप्पर म्हणजे घरात सुबत्ता. वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवणं तर तुम्हाला किल्लीशिवायच कळलं असेल, कारण आपल्याकडे बैल गेल्यावर झोपा करतात. डुकरांपुढे फुलं टाकणारा आपल्या गावात गाढवापुढे गीता वाचत बसला असता.

घरबसल्या एक खेळ करून बघा. असंच चित्र मराठीत काढायचं. एक माणूस उंटावर बसून शेळ्या हाकतोय. ओसरीवर जेवून उठलेला पाहुणा वर बघत त्याच घराचे वासे मोजतोय. कुणी आवळा देऊन कोहळा घेऊन चाललाय. एक बाई वाकड्या अंगणाकडे बोट दाखवत नाचायची थांबलीय. हे चित्र ब्रुसेल्सच्या माणसापुढे ठेवलं तर तो म्हणेल, केवढं हे स्वप्नमय, केवढं गूढ! आणि आपण हसून हसून बेजार. चित्र तेच. एकाकडे किल्ली आहे, दुसऱ्याकडे नाही, एवढाच फरक.

तेव्हा जुन्या चित्रातलं विचित्र हे बरेचदा विसरलेलं ओळखीचं असतं. तिथे अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही, माहिती मिळवावी. त्या काळची भाषा, धर्म, सण, वनस्पती, कशाचा कशाशी संबंध जोडत ते वाचावं.

पण काही किल्ल्या हरवल्या त्या हरवल्याच. हिएरोनिमस बॉश या डच चित्रकाराचं तीन फळ्यांचं प्रचंड चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, साधारण १५००च्या आसपासचं. त्याच्या नरकात दोन अवाढव्य कान आहेत आणि त्यांच्या मधून सुरी बाहेर आलीय. पक्ष्याच्या डोक्याचा एक प्राणी उंच खुर्चीवर बसून माणसं गिळतोय. एकाच्या ढुंगणावर संगीताची लिपी लिहिलेली आहे. त्यातलं काही उलगडतं, पुष्कळसं उलगडत नाही. आणि जिथे उलगडत नाही तिथे अभ्यासक मंडळीही वाहवत जातात. विल्हेल्म फ्रेंगर या जर्मन अभ्यासकानं १९४७ साली मांडलं की हे चित्र एका गुप्त, नग्नतेचा पुरस्कार करणाऱ्या पंथासाठी काढलेलं आहे. वाचायला फार बहारदार. पुरावा मात्र नाही. बॉश स्वतः आपल्या गावातल्या प्रतिष्ठित धार्मिक मंडळाचा सभासद होता. एखादा उलगडा सगळ्याच गोष्टींना चपखल बसायला लागला की मला आधी त्या उलगड्याचाच संशय येतो.

आता चारशे वर्षं ओलांडू. पॅरिस, १९२४. आंद्रे ब्रतों नावाचा तरुण कवी एक जाहीरनामा काढतो आणि ज्याला आपण मराठीत अतिवास्तववाद म्हणतो ती चळवळ उभी राहते. या ब्रतोंनं वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं आणि पहिल्या महायुद्धात मानसिक धक्का बसलेल्या सैनिकांच्या रुग्णालयात काम केलं होतं. ती माणसं जे असंबद्ध बोलत त्यात त्याला विलक्षण प्रतिमा सापडत. त्यात स्वप्नांचा आणि नेणिवेचा अभ्यास करणाऱ्या फ्रॉइडचं वाचन. आणि ज्या शहाण्यासुरत्या, तर्कशुद्ध युरोपनं हे युद्ध घडवलं त्याच्याबद्दलचा संताप. या मंडळींना वाटलं की तर्काची झापड काढली तर आत काहीतरी अधिक खरं आहे. म्हणून ती न थांबता, न खोडता लिहीत सुटायची. कागद घडी घालून एकानं डोकं काढायचं, दुसऱ्यानं न बघता धड, तिसऱ्यानं पाय, असे खेळ खेळायची. विच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची अचानक गाठ पडावी, ही एका जुन्या फ्रेंच लेखकाची उपमा त्यांचं घोषवाक्यच होऊन बसली.

म्हणजे ब्रॉयगलच्या बरोबर उलट. ब्रॉयगलची किल्ली गावातल्या प्रत्येकाच्या खिशात होती. इथे किल्लीच बनवायची नाही, असं ठरवून काम चाललंय. यांच्या चित्रात छत्रीला ‘छत्री म्हणजे अमुक’ असा कोश लावत बसलात तर तुम्ही भिंतीवर रंगवलेल्या दाराला किल्ली लावताय.

मग करायचं काय? ‘हे कशाचं प्रतीक’ हा प्रश्न सोडून ‘यानं नेमकं काय बिघडवलंय’ असं विचारून बघा. जगाचे काही नियम आपण इतके गृहीत धरलेले असतात की ते दिसेनासे होतात. वस्तू आपल्या आकाराची असते. जड वस्तू खाली पडते. धातू टणक असतो. चित्रकार त्यातला एकच नियम मोडतो आणि बाकीचे सगळे काटेकोर पाळतो. ‘गोलकोंद’मधली माणसं व्यवस्थित कपडे केलेली, घरं तर अगदी कंटाळवाणी. मोडलंय ते फक्त गुरुत्वाकर्षण. माग्रीतच्याच १९५२च्या एका चित्रात खोलीत पलंग, आरशाचं कपाट सगळं आहे. फक्त कंगवा पलंगाइतका मोठा आणि काचेचा पेला माणसाला आत उभं राहता येईल एवढा. आकार तेवढा बदलला, आणि रोज सकाळी केसांतून फिरवायचा कंगवा भीतिदायक झाला.

माग्रीतचंच आणखी एक, १९३३चं. पिंजरा आहे आणि आत पक्ष्याऐवजी अंडं. एवढं मोठं की पिंजरा त्यानंच भरून गेलाय. पुढे एका व्याख्यानात त्यानं सांगितलं की रात्री जाग आल्यावर खोलीतल्या पिंजऱ्यात त्याला पक्ष्याच्या जागी अंडं दिसलं, आणि त्याच्या लक्षात आलं की धक्का द्यायला छत्री आणि शिवणयंत्रासारखं परकेपण लागतंच असं नाही. फार जवळचं नातं उघडं केलं तरी धक्का बसतो. पिंजरा आणि अंडं एकमेकांचे नातेवाईकच आहेत, आपण त्यांना शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. हे चित्र बघताना मला प्रत्येक वेळी वाटतं की अजून जन्मलाही नाही आणि कैद झालीसुद्धा. हे माग्रीतनं कुठे म्हटलेलं नाही, माझं आहे. पण हवेतून आणलेलं नाही. चित्रात जे आहे, जिथे आहे, त्यातूनच आलंय. त्यावर पुढे बोलू.

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळं सगळ्यांनी मगावर, टीशर्टवर पाहिली असतील. मूळ चित्र १९३१चं, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. बघायला गेलेल्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘एवढंसंच?’ अशी असते. २४ सेंटिमीटर उंच, ३३ रुंद. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचं पान. लोक या घड्याळांना आईन्स्टाईनच्या सापेक्षतेशी जोडतात. दालीनं स्वतः मात्र रात्री जेवणानंतर टेबलावर राहिलेल्या मऊ कॅमेंबेर चीजची गोष्ट सांगितली. (दालीच्या कुठल्याही गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवू नये, हेही सांगून ठेवते.) चित्रात एक घड्याळ वितळलेलं नाही, पालथं पडलंय, आणि नेमक्या त्यालाच मुंग्या लागल्यात. टणक राहिलेलं सडतंय, वितळलेली मात्र निवांत, एक तर झाडाच्या फांदीवर लोंबकळतंय. हे दिसायला सापेक्षता लागत नाही, दोन मिनिटं थांबावं लागतं. मागचे कडे दालीच्या गावाजवळच्या समुद्रकिनाऱ्याचे, अगदी हुबेहूब. थापा मारणाऱ्याला ठाऊक असतं की थाप पचवायची तर गावाचं नाव, बसची वेळ, चहाचे पैसे सगळं बिनचूक सांगावं.

दालीचा दुसरा आवडता डाव म्हणजे एकात दोन. १९३७च्या एका चित्रात तळ्यावर हंस आहेत आणि पाण्यात त्यांचं प्रतिबिंब हत्ती होऊन पडतं. हंसाची मान म्हणजे सोंड, पंख म्हणजे कान. हाच डाव त्यानं १९६७ साली एअर इंडियासाठी केलेल्या रक्षापात्रात, म्हणजे ॲशट्रेत, वापरला, ज्यात हंस उलटा केला की हत्तीचं डोकं दिसतं. मोबदला म्हणून दालीनं हत्तीचं पिल्लू मागितलं आणि बंगळूरहून एक पिल्लू खरोखरच स्पेनला पोचलं. अशा चित्रांत ‘हंस म्हणजे काय, हत्ती म्हणजे काय’ विचारण्यापेक्षा हंसाचा हत्ती कुठल्या क्षणी होतो ते पकडायचा प्रयत्न करून बघा. तो क्षण कॅनव्हासवर नसतो, आपल्या डोळ्यांच्या मागे घडतो.

काही कामं तर डोक्यानं वाचायचीच नसतात. मेरेट ओपेनहाइम, १९३६, वय वर्षं २२. तिनं एक कप, बशी आणि चमचा घेतला आणि तिन्ही हरणाच्या केसाळ कातड्यानं मढवले. बस, एवढंच. माझ्या आत्येला फोनवर त्याचा फोटो दाखवला तर ती म्हणाली, “शी गं! घशात केस अडकल्यासारखं झालं मला.” आत्येनं त्या कलाकृतीचं जितकं अचूक वाचन केलं तितकं मी चार लेख वाचून केलं नव्हतं. भातात एक केस निघाला तर ताट सरकवणारी माणसं आपण. इथे ओठ लावायच्या जागीच केस आहेत. हात म्हणतो कुरवाळ, जीभ म्हणते नको. स्पर्शाला हवंसं आणि तोंडाला नकोसं अशी दोन्ही एकाच वेळी, ही त्या कपबशीची गंमत. अंगावर काटा आला की निम्मं वाचन झालं. मग काटा का आला ते शोधायचं.

आता एक गुंता. चित्रकाराचं आयुष्य माहीत असावं का? मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिचं १९३२चं एक चित्र आहे, पत्र्यावर काढलेलं. रुग्णालयाच्या पलंगावर ती विवस्त्र पडलीय, चादरीवर रक्त, हातात लाल दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला हवेत तरंगणारं काहीतरी. गर्भ, गोगलगाय, ऑर्किडचं फूल, ओटीपोटाची हाडं, एक यंत्र, स्त्रीच्या धडाची प्रतिकृती. गोगलगाय कशाला, हे तुम्ही जन्मभर ताडत बसलात तरी कळणार नाही. तो गर्भपात फार संथपणे, लांबत लांबत झाला म्हणून गोगलगाय, असं तिनं सांगितलं. ऑर्किड नवऱ्यानं रुग्णालयात आणलं होतं. ब्रतोंनं तिला अतिवास्तववादी म्हटलं, तिला ते मान्य नव्हतं. मी स्वप्नं रंगवत नाही, माझं वास्तव रंगवते, असं तिचं म्हणणं. इथे कुलूप आहे, किल्लीही आहे, फक्त ती एकाच बाईकडे होती आणि तिनं ती आपल्याला दिली.

आणि माग्रीत? तो १३ वर्षांचा असताना, १९१२ साली, त्याच्या आईनं नदीत जीव दिला. पुढे १९२८ मध्ये त्यानं चुंबन घेणारं एक जोडपं रंगवलं, दोघांची डोकी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. आईचा देह सापडला तेव्हा तिचा झगा चेहऱ्यावर आला होता, अशी एक कथा सांगतात आणि चित्राला जोडून देतात. त्या कथेच्या खरेपणाबद्दल शंका घेतली गेली आहे, आणि माग्रीतला स्वतःला असली स्पष्टीकरणं आवडत नसत. मला वाटतं ती कथा कळली की चित्र बघणं थांबतं. ‘हां, आई’ म्हणून आपण पुढच्या चित्राकडे जातो. ओठाला ओठ लागलेत आणि तरी मधे कापड आहे, इतक्या जवळच्या माणसाचाही चेहरा आपल्याला दिसत नाही, हे बघायचं राहूनच जातं. काहलोकडे चरित्र दार उघडतं, माग्रीतकडे ते दारापुढे उभं राहतं. चरित्र नेहमी वाचावं किंवा कधीच वाचू नये, असा नियम करता येत नाही. आधी चित्र, मग चरित्र, एवढा क्रम मात्र पाळता येतो.

आपल्याकडे प्रभाकर बरवे यांची चित्रं या बाबतीत चांगला सराव देतात. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचे. पान, घड्याळ, फळ अशा साध्या वस्तू एका सपाट, शांत अवकाशात, एकमेकांपासून अंतर राखून. पहिल्या नजरेला कोडंच वाटतं. पण बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये आपल्या चित्रविचाराबद्दल मराठीतच लिहून ठेवलंय. वस्तू आणि तिच्याभोवतीची जागा यांचं नातं काय, हा त्यांच्या ध्यासाचा विषय. ते डोक्यात ठेवून बघितलं की नजर पानावरून पानाच्या आणि घड्याळाच्या मधल्या रिकाम्या जागेवर जाते, आणि चित्र तिथेच घडत असल्याचं जाणवतं.

आता ‘ज्याला जे वाटेल ते’ या मुद्द्यावर. नाही, असं नसतं. पिंजऱ्यातल्या अंड्याबद्दल मी ‘जन्माआधीची कैद’ म्हटलं ते तुम्ही नाकारू शकता, पण ते कशावरून म्हटलं हे मी बोट ठेवून दाखवू शकते. हे अंडं, हा पिंजरा, ही भरून गेलेली जागा. उद्या कुणी म्हणालं की अंडं म्हणजे शेअर बाजार, तर मी एवढंच विचारीन, चित्रात कुठे? बोट ठेवायला जागा नसेल तर ते चित्राविषयी बोलणं नाही, बोलणाऱ्याविषयीचं आहे. तेही कधी कधी मजेदार असतं, पण वेगळं. अनेक वाचनं बरोबर असू शकतात, म्हणून सगळीच बरोबर ठरत नाहीत.

तर परत ‘गोलकोंद’कडे जाऊ, या वेळी किल्ल्याचा नाद सोडून. माणसं पडतायत, चढतायत की नुसती थांबलीयत? ठरवता येत नाही. कोट फडफडत नाहीत, टोप्या डोक्यावरून निसटत नाहीत. पाऊस म्हणावा तर रांगा फार शिस्तीत आहेत, समान अंतरावर, पुढची मोठी, मागची लहान. लांबून सगळी एकसारखी, जवळ गेलं तर तोंडं थोडी वेगळी, कुणी समोर बघतोय, कुणी बाजूला. घाबरलेला एकही नाही. घरांच्या खिडक्यांना पडदे आहेत आणि बाहेर डोकावणारं कुणीही नाही. आकाशात माणसं लटकलेली असताना गल्लीतलं एक माणूस खिडकीत येत नाही, हे मला हवेत लटकण्यापेक्षा विचित्र वाटतं.

त्या गर्दीतला एक चेहरा, उजवीकडच्या घराच्या धुराड्याजवळचा, नाव सुचवणाऱ्या स्कुतनेरचाच आहे. मित्रांमधली थट्टा. आणि हे सगळं रंगवणारा गृहस्थ ब्रुसेल्सच्या एका उपनगरात, असल्याच साध्या घरांच्या रांगेत राहायचा. चित्रांसाठी तो स्टुडिओत जात नसे. घरातच, जेवणाच्या टेबलाशेजारी इझल मांडून, नीट कोट-टाय घालून तो चित्र काढायचा. आणि बाहेर पडताना डोक्यावर गोल काळी टोपी चढवायचा.